मुका कर्णा

जत्रेतला कर्णा बंद पडला की लगेच समजते, माणसे ओरडतात. पण मोठ्या इस्पितळात आगीची सूचना देण्यासाठी बसवलेले कर्णे महिनोन् महिने गप्पच असतात. मध्येच उंदराने तार कुरतडली तर कळायचे कधी? आगीच्याच दिवशी?

म्हणून यंत्रच तारेची विचारपूस करीत राहते. एका पद्धतीत ते कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांचा सूर तारेत सोडते आणि टोकाला जोडलेला रोधक जागेवर आहे ना, हे पाहते. तार तुटली तर रोध वाढतो, दोन तारा चिकटल्या तर घटतो. युरोपीय मानकाप्रमाणे असा दोष १०० सेकंदांत दाखवावाच लागतो.

एकूण रोध मोजून भागत नाही बरे! १०० व्होल्टच्या तारेवर ६ वॅटचे २० कर्णे असले तर रोध सुमारे ८३ ओहम. एक मुका झाला तर ८८. एवढासा फरक सहज निसटतो. म्हणून तार कर्ण्याकर्ण्यातून ओवीत न्यावी, फाटे फोडू नयेत. फाट्यावर तुटलेली तार टोकाला कळत नाही.

आणि तार शाबूत, पण कर्ण्यातले वेटोळेच जळालेले असले तर? तेव्हा मात्र अधूनमधून सूचना वाजवून, प्रत्येक कर्ण्याखाली माणसालाच कान देऊन उभे राहावे लागते.