प्रवासातील पथ्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याची मुभाही दिली. शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आज सकाळपासून बोलले आहेत. आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. नऊ वर्षे मधुमेहाचे रोगी आहोत, एवढाच काय तो आमचा अधिकार. समोर बसलेल्या मंडळींपैकी किती जणांच्या खिशात गोळ्यांची डबी आहे, हे विचारून आम्ही कोणास अडचणीत टाकीत नाही. परंतु आमचे बोलणे त्यांना परके वाटणार नाही, अशी खात्री आहे.

घरी पथ्य पाळणे फारसे कठीण नाही. स्वयंपाकघर आपले असते, घड्याळ आपले असते, आणि वाढणाऱ्या हातास आपली दुखणी ठाऊक असतात. पथ्य मोडते ते घराबाहेर; आणि त्यातही एकटे असताना नव्हे, तर चार आप्तांच्या सहवासात, आनंदाच्या प्रसंगी. त्या वेळी रोगी म्हणतो, "प्रवासात कसले आले पथ्य!" आणि भोवतालची मंडळी म्हणतात, "एका दिवसाने काय होते?" आमची कथा मात्र थोडी उलटी आहे. आम्ही पथ्य मोडले नाही, ते अतिशय कडक पाळले, आणि तरीही संकटात सापडलो.

गेल्या कार्तिकातील गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मुले, सुना, नातवंडे यवतमाळास एकत्र जमली होती. कुलदेवतेचे दर्शन बरीच वर्षे घडले नव्हते. माहूरगडास जावे, तेथून किनवटच्या बाजूस उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे कुंड पाहावे, पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा मुलांना दाखवावा आणि उमरखेडवरून परतावे, असा तीन दिवसांचा बेत ठरला. माणसे अकरा आणि भाड्याची एक मोठी गाडी. माहूर नांदेड जिल्ह्यात असले तरी आपल्या जिल्ह्यातील माणसास ते परके वाटत नाही. धनोड्याचा पूल ओलांडला की आईच्या अंगणात आल्यासारखे होते.

निघण्याचा दिवस कार्तिकी एकादशीचा होता. सकाळी साडेसातला आम्ही नेमाने गोळी घेतली. ही गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची असते. परंतु आर्णीस फराळ ठरलेलाच आहे, तास-पाऊण तासाने काय बिघडते, असा विचार केला. आर्णी हे धाकट्या सूनबाईचे माहेर. व्याह्यांनी दारातच स्वागत केले. विहीणबाईंनी शिरा, पोहे, केळी असा थाट मांडला होता.

आता तेथे घडलेला प्रकार थोडा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या मते सर्व मर्म त्यातच आहे. आमच्या थोरल्या वहिनी बरोबर होत्या. त्यांनी "आज माझी एकादशी" एवढेच शब्द उच्चारले. विहीणबाईंनी तत्काळ त्यांच्यासाठी निराळा पाट मांडला, निराळ्या भांड्यातून साबुदाण्याची खिचडी आणून दिली, पोह्यांचा चमचासुद्धा त्यांच्या ताटाजवळ येऊ दिला नाही. "एक घास पोहे घ्या, एका घासाने काय होते?" असे त्यांना कोणीही म्हटले नाही. म्हणणे पाप झाले असते. त्यानंतर आम्ही म्हणालो, "आम्हांस शिरा चालत नाही, मधुमेह आहे." यावर मात्र जणू सभेला तोंड फुटले! "घरच्या तुपाचा आहे, बाधत नाही." "देवीला निघालात, ती सांभाळील." "आमच्या काकांनाही आहे, ते सगळे खातात." विहीणबाईंनी तर वाटी आमच्या हाती ठेवलीच.

उपवास देवाचा, म्हणून त्याचा मान. पथ्य डॉक्टरांचे, म्हणून त्याच्याशी घासाघीस! चातुर्मासात कोणी वांगे सोडले तर सारा गाव त्याचे वांगे सांभाळतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन पाहुण्यासाठी आपण दिवसाउजेडी पंगत मांडतो. या गोष्टी उत्तमच आहेत. परंतु ज्याच्या मूत्रपिंडाचा आणि दृष्टीचा प्रश्न आहे, त्याने तीनतीनदा हात जोडावे, हे कोठल्या आतिथ्यात बसते?

जाता जाता त्या खिचडीविषयीही बोलले पाहिजे. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाच्या पिठापासून करतात. तामिळनाडूतील सेलमच्या बाजूस त्याचा मोठा व्यवसाय आहे. तो जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असून रक्तातील साखर झपाट्याने वाढवितो. तेव्हा शिऱ्यातून सुटण्यासाठी "आज उपवास आहे" असे खोटेच सांगणारे आमचे काही रोगी मित्र शिरा टाळून साबुदाणा खातात आणि आगीतून निघून फोफाट्यात पडतात. ज्वारीच्या भाकरीविषयीही असाच भाबडा समज आहे. भाकरी चांगली खरी, पण ती औषध नव्हे. चार खाल्ल्या तर त्याही साखरच होतात.

असो. तिसऱ्या आग्रहास आमचा तोल सुटला. "आमच्या जिवावर उठला आहात काय?" हे शब्द आमच्या मुखातून, व्याह्यांच्या घरात, सर्वांसमक्ष गेले. घर स्तब्ध झाले. सूनबाई आत निघून गेली. तिचे डोळे भरले होते, हे सौभाग्यवतींनी आम्हांस नंतर सांगितले. आम्ही मात्र रागाने पोह्यांनाही हात लावला नाही. बिनसाखरेचा अर्धा पेला चहा घेऊन उठलो आणि गाडीत जाऊन बसलो. मनात, खरे सांगावयाचे तर, किंचित अभिमानच होता की पाहा, आम्ही मोहास बळी पडलो नाही! निघताना विहीणबाईंनी एक शब्द न बोलता देवीच्या ओटीचे साहित्य, खण, नारळ आणि खडीसाखरेची पुडी, लेकीच्या हाती दिली.

माहूरास पोहोचलो तो एकादशीची गर्दी. रेणुकामातेच्या पायऱ्यांवर रांग लागली होती. अकराच्या सुमारास कपाळावर घाम आला; थंडीचे दिवस, तरी सदरा भिजला. हात कापू लागले. नातू पुढे धावतो म्हणून त्याच्यावर विनाकारण खेकसलो. मग समोरची पायरी एकाची दोन दिसू लागली आणि आम्ही खाली बसलो. कोणी म्हणे ऊन लागले, कोणी म्हणे हृदयाचे आहे. एका भाविकाने कनवाळूपणाने पेढा पुढे केला. आम्ही, त्याही अवस्थेत, मान हलवून नकार दिला. मधुमेही माणसाने पेढा कसा खावा!

त्या वेळी धाकटी सूनबाई पुढे झाली. तिने ओटीची पुडी फोडली, खडीसाखर नारळावर ठेचली आणि भांडभर पाण्यात ढवळून आमच्या ओठास लावली. "मामंजी, आता नाही म्हणू नका," एवढेच ती म्हणाली. वहिनी कुजबुजल्या, "अगं, देवीला अजून चढवायची आहे ती." सौभाग्यवतींनी उत्तर दिले, "देवीलाच चढली असे समजा." दहा-पंधरा मिनिटांत घाम ओसरला, पायरी पुन्हा एकच दिसू लागली. मग सूनबाईने डब्यातील दशमी खाऊ घातली. दर्शन घेण्यास दोन वाजले.

हे काय झाले, ते आम्हांस नंतर कळले. मधुमेहाच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, शरीरास अधिक इन्सुलिन सोडावयास लावतात. गोळी पोटात गेली आणि अन्न गेले नाही, तर रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, कंप, चिडचिड, भ्रम अशी लक्षणे दिसतात; वेळीच उपाय न झाल्यास माणूस बेशुद्ध होतो, प्राणही जाऊ शकतो. उपाय स्वयंपाकघरातला आहे: माणूस शुद्धीवर असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, आणि मग जेवू घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. पेढा या कामी बरोबर नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आमचा नकार तेवढ्यापुरता योग्य ठरला, पण तो शहाणपणाने दिलेला नव्हता! हे सर्व आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर छापलेले होते. तो कागद सूनबाईने वाचला होता. आम्ही नऊ वर्षांत वाचला नव्हता.

पथ्य म्हणजे नकार, अशी आमची समजूत होती. काय खावयाचे नाही, याची यादी आम्हांस तोंडपाठ होती. केव्हा खावयाचेच, हे आम्ही कधी मोजले नाही. या रोगाच्या इतिहासातही असा एक काळ होऊन गेला. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी अमेरिकेत डॉ. ॲलन यांच्यासारखे वैद्य रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवीत, कारण दुसरा मार्गच नव्हता. मुले हाडांचे सापळे होऊन काही काळ जगत. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तेव्हापासून उपासमारीची गरज सरली. आमच्या मनातून मात्र ती सरली नव्हती.

त्या रात्री भक्तनिवासात मुले झोपल्यावर सौभाग्यवती आमच्याशी बोलल्या. त्यांनी आम्हांस एक गोष्ट सांगितली, जी आम्हांस ठाऊक नव्हती. गेली काही वर्षे आम्ही बरोबर असलो की घरातील मंडळी आडोशास जाऊन गोड खातात. त्या दिवशीही आर्णी सोडल्यावर नातवंडांनी गाडीच्या मागच्या बाजूस शिऱ्याचा डबा चोरून, वाकून संपविला होता. "तुमचे पथ्य तुम्ही पाळता," त्या म्हणाल्या, "पण त्याची भीती आम्ही सगळे पाळतो." यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते.

महात्माजींच्या चरित्रातील एक प्रसंग त्या रात्री आठवला. १९१५ साली ते कलकत्त्यास भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी उतरले होते. महात्माजी त्या काळी फळे व सुका मेवा एवढ्यावरच राहत. त्यांच्या या साध्या आहारासाठी यजमानांनी शहरात मिळतील तेवढी फळे आणि मेवे मागविले, आणि घरातील स्त्रिया रात्रभर मेव्याची टरफले सोलीत बसल्या. हा भार त्यांच्या मनास लागला. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले की हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवावयाचे नाही. आजारात घेतलेले औषधही त्या पाचांतच धरावयाचे! पुढे १९३६ पासून ते आपल्या शेजारच्या सेवाग्रामात राहिले, तेव्हा आपल्यातील कित्येकांच्या वाडवडिलांनी त्यांचा आहार प्रत्यक्ष पाहिला असेल. व्रताच्या कडकपणाचे आम्हांस तितकेसे कौतुक नाही; आमच्यासारख्या गोळी घेणाऱ्याने त्याचे अनुकरण करू नये. परंतु आपल्या नियमाने दुसऱ्याच्या घरातील बायकांची झोप जाते, हे त्यांच्या लक्षात आले. आमच्या लक्षात यावयास नऊ वर्षे आणि माहूरच्या पायऱ्या लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था बदलली. सूनबाईने गाडीचे घड्याळ आपल्या हाती घेतले. आठला फराळ, साडेबाराला जेवण. मग गाडी किनवटच्या रस्त्यावर असो की झाडाखाली. गोळी पहिल्या घासाबरोबरच, तीही ताट समोर आल्यावर. डब्यात मेथी घातलेल्या दशम्या, जवसाची चटणी, फुटाणे, काकडी. संत्रे एक, सोलून, रस नाही. टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, म्हणून तेथे आमच्यापुरते ताक. आमच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची एक पुडी कायमची आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नातवंडांना आमच्यासमोर गोड खाण्याची आज्ञा झाली. सहस्रकुंडास काळ्या खडकांवर पैनगंगेचे पाणी फेसाळत कोसळत होते आणि सातजण आमच्या भोवती बसून जिलबी खात होते. पहिल्या घटकेस जीभ चाळवली, खोटे का बोला? मग नातवाने पाण्यात उतरू का म्हणून विचारले, त्याच्याशी वाद घालण्यात जिलबी विसरलो.

मंडळापुढे एकच विनंती मांडतो. पुढील संमेलनाच्या पंगतीत वाढप्यांनी दुसऱ्यांदा विचारू नये. एकाने "नको" म्हटले की ते एकादशीचे "नको" समजावे. आणि पंगत बाराची म्हणून जाहीर केली तर ती बारालाच बसावी; अध्यक्षमहाराज क्षमा करोत, गतवर्षी भाषणे लांबल्यामुळे ती पावणेतीनला बसली होती, आणि मागच्या खुर्च्यांवर दोन वृद्ध घाम पुशीत होते.

तिसऱ्या दिवशी उमरखेड, महागाव करीत परत आर्णीस आलो. विहीणबाईंची क्षमा आम्ही माहूरहूनच फोनवर मागितली होती. त्या काही बोलल्या नव्हत्या. दारात पाय ठेवला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. पाट मांडलेले होते. आमच्या ताटात एक भाकरी, तुरीचे वरण, मेथीची भाजी आणि दही; शेजारी मुलांच्या ताटांत पुरणपोळी. आम्ही हात धुऊन बसलो. विहीणबाई वाढणे हाती घेऊन समोर उभ्या राहिल्या, पण वाढीनात.

"गोळी जेवणाआधीची की नंतरची?" त्यांनी विचारले.

"पहिल्या घासाबरोबरची," आम्ही म्हणालो.

त्यांनी पाण्याचे भांडे पुढे सरकविले आणि आम्ही गोळी घेऊन पहिला घास तोंडी घालीपर्यंत तेथून हलल्या नाहीत.