गुप्तता नावाची असावी, रोगाची नव्हे



यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वणीच्या कोळसा खाणी आणि पांढरकवड्यावरून पैनगंगेपार आदिलाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ याही त्याच्या ओळखी. ट्रकचालक, मजुरीसाठी परगावी जाणारे कामगार, असा घरापासून दीर्घकाळ दूर राहणारा वर्ग एच.आय.व्ही.च्या तावडीत अधिक सापडतो, हे देशभर दिसून आले आहे. परंतु म्हणून हा ‘त्यांचा’ रोग, आपल्या उंबरठ्याशी त्याचा संबंध नाही, असे मानणे ही आत्मवंचना होय.

संयम आणि परस्परनिष्ठा हा पहिला तट, हे खरेच. मात्र निष्ठा दोघांचीही असावी लागते. पतीखेरीज अन्य पुरुष ज्यांना ठाऊक नाही, अशा असंख्य भगिनींना हा विषाणू विवाहातूनच मिळाला. त्यांचे शील त्यांना वाचवू शकले नाही. पतीने वेळीच करून घेतलेली तपासणी आणि वापरलेला निरोध यांनी त्या वाचू शकल्या असत्या.

१९८६ साली तत्कालीन मद्रासमध्ये देशातील पहिले रुग्ण आढळले, तेव्हा उपचार नव्हता. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका घटला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. उपचाराविना मातेकडून बाळास लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. उपचाराने ते ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणूनच प्रत्येक गर्भवतीची एच.आय.व्ही. आणि सिफिलिसची तपासणी अगत्याची आहे. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. पण त्याचा व्रण तसाच राहिला, तर एच.आय.व्ही.ला शरीराचे दार उघडे सापडते.

मग अडते कोठे? ‘गुप्तरोग’ या शब्दातच. व्रण, स्राव लपविले जातात, भिंतीवरील जाहिरात वाचून भोंदूचे पाय धरले जातात. संशयास्पद संबंधानंतर ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास लागण टळू शकते. संकोचात नेमके तेच तास निघून जातात.

२०१७ च्या एच.आय.व्ही. आणि एड्स कायद्याने संमतीविना तपासणीस मनाई केली, रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली, नोकरी व शिक्षणातील भेदभाव निषिद्ध ठरविला. गुप्तता हवी ती नावाची, रोगाची नव्हे. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला मिळतो.

कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करण्यापूर्वी त्याला शासकीय रुग्णालयातील तपासणी केंद्रापर्यंत सोबत करावी. तेवढ्या चार पावलांनी त्याच्या घरातील दोन जीव वाचू शकतात.