डॉक्टरांचा दाखला, कोर्ट आणि आपण

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या सल्ला केंद्रात बाई येते ती बहुधा मारहाणीचं सांगत. पण तिच्या पिशवीतून आणखी एक कागद निघताना मी आता वारंवार पाहते. नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात दाखल केलेला, डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा चार ओळींचा दाखला. हिला मानसिक आजार आहे. म्हणून घटस्फोट हवा, म्हणून मुलं हिच्याकडे नकोत.

अशा एकीबद्दल सांगते. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी तिला एकदाच, पंधराएक मिनिटं पाहिलं होतं. बाकीची हकीकत नवऱ्याने आणि सासूबाईंनी पुरवलेली. रात्री झोपत नाही, स्वयंपाकात लक्ष नाही, एकटी बसून रडते. का रडते, हे विचारायला कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही चिडलो. धावपळ करून दुसऱ्या डॉक्टरांकडून ‘हिला काहीही आजार नाही’ असा दाखला मिळवला आणि लढाई जिंकल्याच्या थाटात केंद्रावर परतलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, “ताई, पण मी गोळ्या घेते हो. घेतल्या की झोप लागते. कोर्टापायी आता बंद करू का?”

माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, पण त्या संध्याकाळी मला उत्तर देता आलं नाही.

“ती वेडी नाही” असं आपण ठासून सांगतो, तेव्हा समोरच्याचंच म्हणणं मान्य करत असतो: वेडी असती, तर घर आणि मूल गेलं तरी चाललं असतं! कायदासुद्धा इतका निष्ठुर नाही. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घटस्फोटाला स्किझोफ्रेनिया हे नुसतं नाव पुरत नाही; जोडीदाराने सोबत राहावं ही अपेक्षाच रास्त ठरू नये, इतका तो तीव्र असला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर स्पष्टच आहे: आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी विकल मनाचं ठरत नाही, ते कोर्टाने जाहीर करावं लागतं.

यावर आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, हे मनोविकारतज्ज्ञ सगळे एका माळेचे मणी, कुणावरच विश्वास नको. मला हेही पटत नाही. आपल्याच शहरातला २००८ चा खटला आठवा. व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणीला पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि निकालात तिच्या मेंदूच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला तारा लावायच्या, घटनेची वाक्यं ऐकवायची. ती गप्प बसली तरी मेंदूतल्या विद्युत लहरींवरून तिने ते ‘अनुभवलं’ आहे की नाही हे म्हणे कळतं. ही पद्धत काढणारे गृहस्थ बंगलोरच्या निम्हान्समधले माजी मानसशास्त्र विभागप्रमुख. आणि या चाचण्या शास्त्रीय कसोटीला उतरत नाहीत, असा अहवाल त्याच वर्षी देणारी समिती त्याच निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालची! पुढे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. तज्ज्ञांची चूक दाखवायलाही तज्ज्ञच लागले.

कौटुंबिक न्यायालयात आणखी सावध राहावं लागतं. तिथे पुराव्याच्या नेहमीच्या नियमांत न बसणारा अहवालही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. “मी तपासणीला जाणारच नाही” हेही अंगाशी येऊ शकतं. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालानुसार सबळ प्रथमदर्शनी पुरावा असेल तर कोर्ट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं, आणि नकार दिला तर त्यातून विरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. म्हणून दाखल्याला घाबरू नका आणि तो फाडूही नका. त्याला प्रश्न विचारा. डॉक्टर किती वेळा भेटले? नवरा खोलीत होता का? घरातल्या मारहाणीबद्दल विचारलं का? मूल सांभाळण्याबद्दल मत दिलंय, तर आई-मुलाला एकत्र कधी पाहिलं? दाखला लिहिणाऱ्याला उलटतपासणीला बोलवायचा अर्ज करा. तिच्या उपचारांचे कागद मागण्याचा तिला हक्क आहे, तो वापरा. आणि २०१७ च्या कायद्याचं कलम १०५ वकिलांना दाखवा. (बऱ्याच वकिलांना ते ठाऊक नसतं, हा माझा अनुभव.) कोर्टात मानसिक आजाराचा पुरावा आला आणि दुसऱ्या पक्षाने त्याला आव्हान दिलं, तर कोर्टाने ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचं असतं; मंडळ स्वतः किंवा तज्ज्ञांच्या समितीकडून तपासणी करून कोर्टाला मत कळवतं.

आम्ही मिळवलेला तो दुसरा दाखला कोर्टात दिलाच नाही. हो, ती गोळ्या घेते, असं तिच्या जबाबात लिहिलं. कधीपासून, आणि त्याआधी घरात काय घडत होतं, तेही लिहिलं. पहिल्या डॉक्टरांनी उलटतपासणीत कबूल केलं, की मुलीला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. घटस्फोटाचा दावा अजून चालू आहे. मुलगी आईजवळ आहे, आणि गोळ्यांची वेळ तीच आईला आठवण करून देते.