दान आणि सचोटी
(शेवगाव येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. विषय आहे व्यापार-उद्योगाचे समाजऋण.

मिळकतीतील काही भाग समाजास द्यावा, ही शिकवण आपणांस नवी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने तिला कायद्याचे रूप दिले. त्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणत्या मार्गाने आले, हे कोणी पाहावयाचे? एका हाताने शाळेस देणगी द्यावी आणि दुसऱ्या हाताने कचेरीत पाकीट सरकवावे, यास दान म्हणता येणार नाही.

येथे आमचीच एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी वसतिगृहासाठी एका कंत्राटदार गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली. ती आम्ही काहीही न विचारता घेतली, शाल-श्रीफळ दिले, नावाची पाटी लावली. पुढे वसतिगृहातील एका मुलाने विचारले, “आमच्या गावचा रस्ता यांनीच केला ना? तो तर पहिल्याच पावसात वाहून गेला.” आम्हांस उत्तर देता आले नाही.

“लाच दिल्यावाचून काम होत नाही,” असे आपण म्हणतो. परंतु २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला असून, धंद्याच्या लाभासाठी दिलेल्या लाचेची जबाबदारी पेढीवरही येते. बळजबरीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

हे काम लहान गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी १९९१ साली भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभारले. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली झाला, त्यास या चळवळीचा मोठा हातभार लागला. २००५ साली तो अधिकार साऱ्या देशास मिळाला.

म्हणून आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. मंडळाने प्रत्येक देणगीची पावती द्यावी आणि जमाखर्च वसतिगृहाच्या फलकावर लावावा. तसेच ज्या पैशाविषयी मुलांना उत्तर देता येणार नाही, तो नम्रपणे परत करावा. इमारत दोन वर्षे उशिरा झाली तरी चालेल. घामाच्या शंभर रुपयांची देणगी स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापली जावी, त्यात आपल्या ज्ञातीची शोभा आहे.