अनेक वाटांची एक ओळ

मुंबईंत टपाल वेगळें करणाऱ्या कारकुनाच्या हातीं सिरसाळ्याचें पत्र आलें, तर परळी तालुक्यांतील हें गांव नेमकें कोठें आहे, हें त्याला ठाऊक असण्याची गरज नाहीं. पिनकोडाच्या आरंभींचे ४३१ हे अंक दिसले, कीं तें पत्र त्या विभागाच्या थैलींत पडतें. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली व १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेली ही सहा अंकांची पद्धति एका साध्या तत्त्वावर उभी आहे : दूरच्यानें थोडें जाणावें, जवळच्यानें सर्व जाणावें.

संगणकांच्या जाळ्यांत हेंच कार्य मार्ग-संक्षेपानें होतें. तेथें प्रत्येक चौरस्त्यावर रूटर नांवाचें यंत्र असतें, आणि कोणता पत्ता कोणत्या वाटेनें जावयाचा याचें कोष्टक तें बाळगतें. समजा, परळीच्या रूटरला सिरसाळ्यासह चार गांवांचीं जाळीं जोडलीं आहेत, व त्यांचे पत्ते १०.४३.० पासून १०.४३.३ पर्यंतच्या आंकड्यांनीं आरंभतात. शून्य व एक या दोनच अंकांत हे पत्ते मांडले, तर ३२ पैकीं पहिले २२ अंक चारही ठिकाणीं सारखेच येतात. म्हणून परळीनें बीडला चार ओळींऐवजीं एकच ओळ कळविली तरी भागतें. सिरसाळ्याची तार तुटली, तर ती वार्ता परळीपाशींच थांबते. दूरच्या रूटरांना आपलीं कोष्टकें पुन्हां मांडावीं लागत नाहींत. इंटरनेटचीं कोष्टकें फुगूं लागलीं, तेव्हां १९९३ सालीं याच तत्त्वाचा आश्रय घेण्यांत आला.

परंतु असा संक्षेप म्हणजे एक वचनच होय. चौथ्या गांवाचें जाळें अद्याप उभें राहिलें नसेल, तरी त्या ओळीनें परळीनें त्याचाही भार पत्करलेला असतो. त्या पत्त्याचा मजकूर बीडहून परळीस येतो. परळीच्या कोष्टकांत तो पत्ता नाहीं, म्हणून ठरीव वाटेनें तो पुन्हां बीडकडे धाडला जातो, आणि आयुर्मर्यादा संपेपर्यंत ह्या येरझारा चालतात. यावर उपाय असा, कीं संक्षेप करणाऱ्या रूटरनें त्या समूहासाठीं एक 'शून्य वाट' ठेवावी. ज्याला खरी वाट नाहीं, तें तेथेंच लोपावें.

दुसरी अट वांटणीची आहे. तींच चार गांवें १ ते ४ या आंकड्यांवर बसविलीं, तर एका ओळींत घेण्यासाठीं ० ते ७ असा समूह घ्यावा लागेल, आणि दुसऱ्यांच्या गांवांवरही हक्क सांगितल्यासारखें होईल. शिवाय समूह वाटेच्या अनुरोधानें पाडावयाचा असतो. आष्टी हें बीड जिल्ह्यांतील गांव खरें, पण त्याचा पिनकोड अहिल्यानगराप्रमाणें ४१४ नें आरंभतो. टपालानें तेथें जिल्ह्याची शीव मानलेली नाहीं. ओएसपीएफ या मार्गपद्धतींत क्षेत्रांतील वाटांचा संक्षेप क्षेत्राच्या सीमेवरील रूटरवरच होतो; म्हणून क्षेत्रें आंखतांनाच पत्त्यांचे सलग गट राखून ठेवावे लागतात.

रूटरला द्यावयाची आज्ञा एका ओळीची असते. तिच्यामागची वांटणी मात्र जाळें लहान असतांनाच करून ठेवावी. मागाहून पत्ते बदलावयाचे, तर प्रत्येक गांवीं जाऊन प्रत्येक यंत्र हातीं घ्यावें लागतें, आणि तेवढा काळ तेथील व्यवहार खोळंबतो.