विसावा आणि निष्ठा



काम संपल्यावर विसावा, हा आपला नेहमीचा हिशेब. ख्रिस्ती धर्मविचारात हा क्रम उलटा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण होतो आणि सातवा दिवस विश्रांतीचा ठरतो. म्हणजे मनुष्याचा पहिला पुरा दिवसच विसाव्याचा! त्याने अजून काहीच कमावलेले नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू भाराने वाकलेल्यांना विसावा देऊ करतो, आणि लगेच आपले जू खांद्यावर घेण्यास सांगतो. शेतकऱ्याला हे नवल वाटेल. बैलाला विसावा मिळतो तो जू उतरल्यावर. पण येथे उतरतो तो भार निराळा आहे. देवाने आपल्याला पदरात घ्यावे म्हणून सत्कृत्यांची शिल्लक दाखवावी लागेल, ही ती धास्ती. ती गेली तरी काम राहते. मात्र ते कर्जफेडीचे राहत नाही.

मग माणूस आळशी होणार नाही काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात पाहावे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही मन स्वस्थ नव्हते. आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाचे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. ती शांती त्यांना सुमारे आठ वर्षांनी लाभली.

त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांनी केडगावी आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी त्या वृद्ध मातेने लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. छापलेला संपूर्ण ग्रंथ पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.

नव्या करारातील ‘पिस्तिस’ या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात: विश्वास आणि विश्वासूपणा. देवावर भार टाकणे आणि दिलेल्या कामाला जागणे, दोन्ही त्या एकाच शब्दात येतात. फळाच्या आशेने राबणारा फळ दिसेनासे झाले की थांबतो. ज्याला आधीच विसावा मिळाला आहे, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही.