सार्वजनिक दप्तराची किल्ली कोणाच्या हाती?

(मुक्त आणि मालकीच्या संगणक-आज्ञावलींविषयी शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचा फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत. परंतु ज्याला ती वाचावयाची इच्छा आहे, त्याला ती शिकता येते. लिपीवर कोणाची मालकी नाही आणि ती शिकण्यासाठी कोणाचा परवाना घ्यावा लागत नाही. म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही बोलता होतो.

आजचे दप्तर मात्र झपाट्याने संगणकात जात आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी, करआकारणीच्या याद्या, शाळेतील प्रवेशाच्या नोंदी, ग्रंथालयाची दाखलवही, या सर्वांची जागा आता संगणकाने घेतली आहे. हे दप्तर तीस वर्षांनी उघडेल काय, आणि ते उघडण्याची किल्ली कोणाच्या हाती असेल, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो लोकप्रशासनाचा प्रश्न आहे.

दोन प्रकार, दोन करार

संगणकाला काम सांगणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजेच सॉफ्टवेअरला, दोन रूपे असतात. एक माणसाला वाचता येईल अशी मूळ संहिता, आणि दुसरे तिच्यापासून तयार केलेले, केवळ यंत्राला समजणारे रूप. मालकीच्या आज्ञावलीत ग्राहकाच्या हाती सामान्यतः दुसरे रूप तेवढे येते, आणि तेही ठरावीक अटींवर वापरण्याच्या परवानगीपुरते. मुक्त आज्ञावलीत मूळ संहिताही हाती येते आणि तिच्याबरोबर चार अधिकार येतात: कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, अभ्यासून बदल करण्याचा, प्रती इतरांना देण्याचा आणि सुधारलेली प्रतही वाटण्याचा. येथे ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे. मुक्त आज्ञावली विकताही येते. भेद किमतीचा नसून अधिकाराचा आहे.

या विचाराला चळवळीचे रूप दिले ते रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत छपाईयंत्रात कागद अडकला की तशी सूचना मिळावी, एवढीच सुधारणा त्याला करावयाची होती. परंतु यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता त्याला मिळू शकली नाही. 1983 मध्ये त्याने ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. 1989 मध्ये तिचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. मिळालेले अधिकार पुढच्यालाही द्यावे लागतील, अशी त्यातील अट आहे. 1991 मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. तत्त्वाला बळकट पाया मिळाला.

एका छोट्या ग्रंथालयाची गोष्ट

तत्त्व व्यवहारात कसे उतरते याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमध्ये आढळते. लेविन हे तेथील एक लहान गाव. आसपासच्या भागातील वाचनालये चालविणाऱ्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसमोर 1999 मध्ये पेच उभा राहिला. त्यांची जुनी संगणकप्रणाली 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हती. बाजारातील नव्या प्रणाली मोठ्या ग्रंथालयांसाठी केलेल्या आणि महागड्या होत्या. शिवाय शाखा जोडण्यासाठी लागणाऱ्या खास दूरध्वनी-वाहिन्यांचा खर्च वेगळाच.

ट्रस्टने वेलिंग्टनच्या काटिपो या छोट्या कंपनीकडून आपल्या गरजेपुरती, साध्या दूरध्वनीवरून चालणारी प्रणाली तयार करून घेतली. 2000 च्या जानेवारीत ती कामास लागली. नंतर प्रश्न आला तो तिच्या पुढील देखभालीचा. एकट्या ग्रंथालयाने हा भार किती काळ वाहावा? उत्तर असे निघाले की ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकावी. जो वापरील तो सुधारीलही. तिचे नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परंतु घेणाऱ्याने पुढे कधीतरी परतफेड करावी, ही भावना तिच्यात असते. आपल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. सावडीत आज एकाच्या शेतावर सारे जातात, उद्या तो इतरांच्या शेतावर जातो.

ही सावड खरोखर चालली. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ग्रंथनोंदणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची सोय कोहात करून घेण्यासाठी खर्च सोसला आणि ती सोय सर्वांचीच झाली. आज भारतासह अनेक देशांतील हजारो ग्रंथालये कोहा वापरतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात कोहासह अनेक मुक्त आज्ञावलींचे ध्वनिचित्र-पाठ आहेत, आणि या प्रकल्पातील पुष्कळ पाठ मराठीतही मिळतात.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे

तथापि एक गैरसमज दूर व्हावयास हवा. परवान्याचे पैसे वाचले म्हणून खर्च संपत नाही. माणसे शिकवावी लागतात, बिघाड दुरुस्त करावे लागतात. केरळमध्ये 2001 साली सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाने पुढे सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले. त्यामागे प्रशिक्षित शिक्षकांचे बळ होते. शिक्षकांतूनच प्रशिक्षक निवडले गेले आणि त्यांनी इतरांना तयार केले. यंत्रे आणि आज्ञावल्या नुसत्या पाठवून दिल्या असत्या, तर त्या धूळ खात पडल्या असत्या.

दुसरा धडा 2014 सालचा आहे. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष सापडला. तो सुमारे दोन वर्षे तसाच राहून गेला होता. संहिता सर्वांना उघडी होती, पण ती बारकाईने पाहणारे थोडे होते. गावची विहीर सर्वांची असली तरी तिचा गाळ कोणीतरी काढावाच लागतो.

मालकीची आज्ञावली सर्वत्र त्याज्य आहे, असेही नाही. विशिष्ट कामासाठी तीच सरस असू शकते, आणि उत्तरदायी विक्रेता लाभणे ही मोठी सोय आहे. प्रश्न एवढाच की विक्रेता बदलावयाचा झाला, किंवा त्याने तो माल बंद केला, तर आपले दप्तर आपल्याला परत मिळेल काय?

मराठीचा अनुभव

हा प्रश्न कल्पनेतला नाही. संगणकावर मराठी आली तेव्हा प्रत्येक उत्पादकाने फाँटमधील अक्षरांची मांडणी आपापल्या पद्धतीने केली. एका कार्यालयात टंकलिखित केलेले पत्र तो फाँट नसलेल्या दुसऱ्या कार्यालयात उघडले की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या सर्वांना खुल्या असलेल्या मानकात 1991 पासून देवनागरीला स्थान होते. त्याचा वापर रुळला तसा हा गोंधळ ओसरला. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली कोणालाही वापरता येतात. परंतु जुन्या मांडणीतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे श्रम ज्यांनी केले, त्यांनाच बंद दप्तराची किंमत ठाऊक आहे.

हेच ओळखून केंद्र शासनाने 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणि 2015 मध्ये मुक्त आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. मुक्त आज्ञावलीला प्राधान्य द्यावे आणि तिचा विचार का केला नाही याचे समर्थन नोंदवावे, असा दुसऱ्या धोरणाचा रोख आहे. धोरण कागदावर उतरले. ते कार्यालयाच्या टेबलावर उतरावयाचे आहे.

त्यासाठी खरेदीच्या ठरावावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने, शाळेने, वाचनालयाने चार प्रश्न विचारावेत. आपली माहिती खुल्या मानकाच्या स्वरूपात केव्हाही बाहेर काढता येईल काय? पुरवठादार गेला तर दुसरा कोणी ही आज्ञावली सांभाळू शकेल काय? पुढील पाच वर्षांचा खर्च, प्रशिक्षण धरून, किती? आणि हे काम शिकून घेणारा आपल्यातला माणूस कोण? पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ हे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय सही होऊ नये.

दप्तर जनतेचे आहे. कुलूप कोणत्याही कारखान्याचे असो, त्याची किल्ली जनतेच्या हाती राहिली पाहिजे.